उपाशी : बारा तास

धानोरा,
९ नोव्हेंबर २०२५

चि. आशा हिस,
ताईचे आशीर्वाद.

तुझं पार्सल काल पोचलं. पावडरचा डबा तू कापसात गुंडाळून, वर जुन्या ओढणीचा तुकडा बांधून पाठवलास. बिकानेरहून इतकी जपून आलेली वस्तू या घरात दुसरी नाही. आबांनी डबा कपाळाला लावला आणि देवघरात ठेवला. औषध देवघरात ठेवू नये असं मी म्हटलं, तर म्हणाले, "आशीनं धाडेल शे. देवजोडे ठेवं ते काय बिघडनं?"

तुझं पत्र मला दोनदा मोठ्याने वाचावं लागलं. एकदा आबांसाठी, आणि मग शेजारची फुलीबाई आली म्हणून पुन्हा. "हरणीच्या रक्तात थायरॉईड खूपच कमी आहे आणि चरबी खूप जास्त. चौदा घोड्यांत इतकं स्पष्ट चित्र फक्त हिचं आहे. ताई, माझा सगळा प्रबंध क्रमांक सातवर उभा राहणार आहे, आणि तो नमुना तुझ्यामुळे मिळाला." हे वाक्य वाचताना माझा आवाज कसा झाला असेल याची तू कल्पना कर. मी माहेरी परत येऊन बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत तू मला एका गोष्टीचं श्रेय दिलंस, आणि तेही घोडीच्या रक्ताचं.

आबांना त्यातलं काही कळलं नाही. मी सांगितलं, माणसाच्या गळ्यातली एक ग्रंथी मंदावली की अंगातली चरबी नीट जळत नाही, रक्तात फिरत राहते. घोड्यातही तसंच होतं का, हे आशा शोधते आहे. त्यावर आबा माझ्याकडे न बघता हरणीच्या ठाणाकडे बघत म्हणाले, "बिचारी."

माझी ही ग्रंथी मंदावून सहा वर्षं झाली. रोज उठल्यावर गोळी घ्यायची आणि अर्धा तास चहाच्या पातेल्याकडे बघत बसायचं. अंगणवाडीत पोरांची वजनं घेताना काट्याकडे बघून माझं मलाच हसू येतं. मला कोणी बिचारी म्हटल्याचं मात्र आठवत नाही. माझी गोळी किती पॉवरची आहे हे तुला ठाऊक आहे का? सहज विचारलं.

पावडर रोज सकाळच्या खुराकात द्यायची, समजलं. पंधरा दिवसांनी पुन्हा रक्त काढून पाठवायचं, तेही समजलं.

फोन करू नकोस. दिवाळीच्या पाडव्याला आबांशी चाळीस मिनिटं बोलून झाल्यावर "ताईला द्या जरा" म्हणालीस, तेव्हा मी नको म्हटलं ते अजून नकोच आहे. ताई फोनवर भांडते आणि कागदावर शहाणी होते, असं तूच म्हणायचीस. तर राहू दे कागदावरच.

तुझी ताई,
कुंदन

ता. क. रक्त पशुदवाखान्यातल्या गोवालदादांनी काढलं होतं. मी फक्त फॉर्म भरला.


धानोरा,
२४ नोव्हेंबर २०२५

चि. आशा हिस,
आशीर्वाद.

दुसरा नमुना आज पाठवला आहे. या वेळी फॉर्म भरताना अक्षर जास्त चांगलं काढलंय, बघ. बारा तास उपाशी, रक्त सकाळी सात वाजता. हरणी छान आहे. पोट चांगलं उतरलंय, डोळा स्वच्छ आहे, फेब्रुवारीअखेर विईल असं गोवालदादा म्हणतात.

तू गूळ बंद करायला सांगितलास, पण ते आबांना तूच सांग. या घरात सकाळची पहिली भाकरी गुळाचा खडा लावून घोडीला जाते आणि मगच माणसाच्या तोंडात घास पडतो. आजोबांपासून चालत आलंय. मी त्यांना तुझं पत्र दाखवलं तर म्हणाले, "गूळ कमी करसू. पन घोडी उपाशी आनि आपन जेवानं, आसं या घरमा कधी व्हयनं नही." हे म्हणताना ते माझ्याकडे बघत होते. उगाचच बघत होते, त्यांना काही माहीत नाही. म्हणजे माहीत असण्यासारखं काही नाहीच.

तू विचारलंस, ताई तू ऑगस्टपासून अशी का वागतेस. खरंच आठवत नाही तुला?

राखीच्या आधी तू चार दिवस आली होतीस. अंगणात हरणीच्या मानेला टेप लावून माप घेत होतीस. आयाळीखालची ती जाड वळी मुठीत धरून तू म्हणालीस, ही शोभा नाही आबा, ही चरबी आहे. आबांचं तोंड उतरलं, कारण बाजारात लोक त्या मानेवरच हात फिरवून वाहवा करतात. मग त्यांना हसवायला तू म्हणालीस, "ताई आणि हरणी अगदी सारख्या झाल्यात. दोघींचं थायरॉईड एकाच दिवशी तपासते." आबा ठसका लागेपर्यंत हसले. फुलीबाई हसली. मी त्या वेळी तुझ्यासाठी कढीला फोडणी देत होते. फोडणी जळली, आणि ती मी तुम्हाला तशीच वाढली. तू दोनदा मागून घेतलीस.

तुझ्या दृष्टीने ती गंमत होती. तुला हे माहीत नाही की तू गेल्यावर आबा महिनाभर मला "हरणीनी बहीन" म्हणत होते. आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. तुझ्या दोन वेण्या रोज मी घालायचे, तुझी पहिली वही मी शिवली. आणि तू घोडीच्या मानेचं माप वहीत टिपून घेतलंस, माझं नुसतं हसण्यावारी नेलंस. मला वजनकाट्यावर उभं केलं असतंस आणि म्हणाली असतीस, ताई, चल, तुझंही रक्त बघू, तर मी आनंदाने हात पुढे केला असता.

असो. पावडर निम्मी संपली.

कुंदन


धानोरा,
५ डिसेंबर २०२५

आशा,

काल दत्तजयंती झाली. सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून आबा आणि मी आजच परतलो. हरणी गाभण म्हणून तिला नेलं नव्हतं. पण घोडी नाही म्हणून आबा गप्प बसतील अशी तुझी समजूत असेल तर ऐक.

तुझा रिपोर्ट त्यांनी शहाद्याला जाऊन प्लास्टिकमध्ये पक्का करून घेतलाय. त्यांना इंग्रजी येत नाही, पण क्रमांक सातच्या ओळीवर कुठे बोट ठेवायचं ते पाठ आहे. बाजारात दिसेल त्याला थांबवून ते बोट दाखवत होते. "हाई मन्ही धाकली पोरनं काम शे. घोडासनी डाक्टर शे ती. चौदा घोडासमा आपली हरणी एकच निंघनी." घोड्यांच्या रांगेत, धुळीत, हलगीच्या आवाजात माझा बाप एक आजार मिरवत फिरत होता.

तळोद्याचे जेठमलशेठ भेटले, घोड्यांचे शौकीन. त्यांनी रिपोर्ट नीट वाचला, तुझं नाव वाचलं, मान डोलावली. मग माझ्याकडे वळून आबांना विचारलं, "आणि या?"

आबा म्हणाले, "हाई मोठी. घर पाहास."

घर पाहास. बस्. मला त्या क्षणी काय वाटलं ते सरळ लिहिते, कारण आता लपवून फार झालं. मला वाटलं, तो कागद आबांच्या हातातून ओढून घ्यावा आणि सगळ्यांना सांगावं की हा रिपोर्ट आशाचा नाही, माझा आहे. मी केलाय हा. यातला एकेक आकडा माझ्या हातचा आहे.

काय लिहून गेले बघ. दमलेय, म्हणून असेल.

घरी येताच आबांनी तुला फोन लावला. स्पीकर चालू होता, म्हणून मलाही ऐकू आलं. सतरा तारखेला विभागातल्या सगळ्यांसमोर तुझं सादरीकरण आहे, त्यानंतर प्रबंध छापायला जाणार. हरणीचे नवे आकडे चांगले आलेत, पावडरने थायरॉईड वर आलं आणि चरबी उतरली, सर फार खूश आहेत. हे सगळं ऐकलं. अभिनंदन.

आणि मग तू म्हणालीस, "आबा, क्रमांक सातचा गुण बघून इथल्या दोन गाभण घोड्यांनाही तसंच सुरू करतेय. सतराला सरांची परवानगी मिळाली की पावडर, आणि खुराक एकदम अर्ध्यावर."

माझ्या हातात भरलेला तांब्या होता. तो मी खाली ठेवला, आणि अंगणवाडीच्या वह्या घेऊन ओट्यावर जाऊन बसले.

कुंदन


धानोरा,
११ डिसेंबर २०२५

आशा,

हे पत्र सहा दिवस लिहितेय. चार कागद चुलीत गेले. हा पाचवा आहे, आणि यात खोडाखोड करणार नाही.

ऑक्टोबरमध्ये आबा मोतीबिंदूसाठी नंदुरबारला होते ते तुला माहीत आहे. सहा तारखेला सकाळी गेले आणि दहाला दुपारी आले. दवाखान्यातून रोज तुला फोन करत होते, मला फुलीबाईच्या फोनवर एकदाच केला, आणि तोही "हरणीनं खादं का?" हे विचारायला. दहाला सकाळी गोवालदादा रक्त काढायला येणार होते. तुझा फॉर्म आला होता. रात्रभर उपाशी ठेवायची, बारा तास, त्याहून जास्त नको, असं तू लाल शाईने खूण करून लिहिलं होतंस.

सहाला आबांची जीप गेल्यावर मी पहिली भाकरी केली. गूळ लावला. ठाणापर्यंत गेले. हरणीने मान पुढे केली. तीच मान, मुठीत धरून तू हसली होतीस ती. मी मागे फिरले, ओट्यावर बसले आणि ती भाकरी मी खाल्ली. गोळी घ्यायच्या आधी, चहाच्या आधी, घोडीच्या आधी. आशा, इतकी गोड भाकरी मी आयुष्यात खाल्ली नसेल. ती बघत होती आणि मी सावकाश चावून खात होते.

तेवढ्यावर थांबले असते तर पोरकटपणा म्हणून विसरले असते. पण मग मला वाटलं, मला डॉक्टर खाणं कमी कर म्हणतात, आबा म्हणतात, तू म्हणतेस. मग हिला का नाही? आम्ही सारख्याच आहोत ना? मी चारा घातला नाही. दाणा घातला नाही. आसपासचं गवत, पाचोळा झाडून काढला. पाणी तेवढं ठेवलं. पाणी भरून ठेवत होते म्हणून आपण काही वाईट करत नाही आहोत असं मी मनाला सांगत होते.

पहिल्या दिवशी परातीचा आवाज झाला की ती खिंकाळायची. दुसऱ्या दिवशी तर मी नुसती दारात दिसले तरी खिंकाळायची, पाय आपटायची. फुलीबाईने विचारलं, "काय वं, घोडी का वरडी ऱ्हायनी?" मी म्हटलं, आबांची आठवण येतेय तिला. तिसऱ्या दिवशी तिने गव्हाणीचं लाकूड कुरतडलं. त्या दिवशी अंगणवाडीत मी बावीस पोरांना खिचडी वाढली, प्रत्येकाची ताटली बघितली, दोधूच्या नातवाने टाकली म्हणून त्याला मांडीवर घेऊन भरवली. आणि घरी येऊन ठाणाकडे न बघता आत गेले. चौथ्या दिवशी ती ओरडली नाही. मान खाली घालून उभी होती. तोंडाला वेगळाच वास येत होता.

पाच तारखेच्या संध्याकाळी सहापासून दहा तारखेच्या सकाळी सहापर्यंत. एकशे आठ तास. नंतर मी जपमाळेसारखे मोजले.

गोवालदादांनी रक्त काढलं. नळी थोडा वेळ उभी ठेवली. लाल खाली बसलं आणि वर जे पाणी येतं ते पिवळसर असायला हवं ना? ते दुधासारखं आलं. दादा नळी उजेडात धरून म्हणाले, "ताई, हाई आसं दूधसारखं का दिखी ऱ्हायनं? घोडी खास का बरोबर?"

मी म्हटलं, खाते की. आणि फॉर्मवर लिहिलं : उपाशी, तास बारा.

त्यानंतर चारा टाकला तर ती खाईना. दोन दिवस तिने नुसतं तोंड लावलं. तेव्हा मी घाबरले. खोटं लिहीत नाही, आधी स्वतःसाठी घाबरले. घोडी मेली तर आबांना काय सांगू, एवढंच डोक्यात होतं. अंगणवाडीत रजा टाकली. हिरवं गवत मुठीमुठीने तोंडाशी धरत बसले. आबांना वाटलं, पोर घोडीची किती सेवा करते. माझ्या डोक्यावरून हात फिरवला त्यांनी. बारा वर्षांत पहिल्यांदा. तो हात मी तसाच घेतला. तिसऱ्या दिवशी हरणी खायला लागली.

नंतर तुझं पत्र आलं की क्रमांक सात सगळ्यांत वेगळी. मला तुझ्यासारखं शास्त्र येत नाही, पण भुकेलेलं अंग मी रोज बघते. चोवीस नोव्हेंबरला दुसरं रक्त काढताना मी दादांना आडून विचारलं, एखादी जाड घोडी चार दिवस उपाशी राहिली तर काय होतं? ते म्हणाले, "जाडी घोडी उपाशी ऱ्हायनी ना ताई, ते अंगनी चरबी बठ्ठी रगतमा उतरस. काळीज बसी जास. गाभण व्हई ते दोन्ही जातस." त्या दिवशी नळीतलं पाणी पिवळंच होतं, स्वच्छ. ते तू पावडरचा गुण म्हणून लिहून घेतलंस.

पावडर मी दिलीच नाही आशा. एक चिमूटही नाही. हरणीला आजारच नव्हता हे मला एकटीला माहीत होतं, आणि गाभण घोडीच्या पोटात नको ते औषध घालायची छाती झाली नाही. डबा मी देवघरातून माझ्या पेटीत हलवलाय, तुझ्या ओढणीच्या तुकड्यासकट. आबांना वाटतं, मी रोज देते. म्हणजे तुझा पहिला आकडा माझ्या भुकेचा आणि दुसरा माझ्या चाऱ्याचा. तुझ्या औषधाचा यात काही संबंध नाही, आणि तिच्या ग्रंथीचाही नसावा. उपाशी अंग आपोआप चूल मंद करतं, एवढं मला अंगणवाडीतल्या पोरांवरून कळतं. खरं काय ते तू तपास.

हे मी एक महिना आधी लिहू शकले असते. का नाही लिहिलं, तेही सांगते. मला तुझं "तुझ्यामुळे" हातचं सोडवत नव्हतं. आणि त्याच वेळी मला हवं होतं की तू सगळ्यांसमोर उभी राहावीस, कोणीतरी हुशार माणसाने एक प्रश्न विचारावा, आणि तुला उत्तर येऊ नये. आबांनी प्लास्टिकचा तो कागद खाली ठेवावा. तुझं नाव घेताना त्यांचा आवाज एकदा तरी पडावा. हे मी रोज सकाळी गोळी घेतल्यावर अर्धा तास मनात घोळवत होते. चहापेक्षा त्यातच तरतरी यायची.

पण तुझ्याकडच्या त्या दोन गाभण घोड्या माझ्या मनात नव्हत्या. आता त्याच असतात. त्यांची नावं मला माहीत नाहीत, तरी चौथ्या दिवशी त्या कशा उभ्या राहतील ते दिसतं.

धानोऱ्याहून टाकलेलं पत्र बिकानेरला पोचायला सात दिवस लागतात. आज टाकलं तर अठराला मिळेल. तुझं सादरीकरण सतराला आहे. हे मला सहा दिवसांपूर्वीही माहीत होतं, आणि म्हणूनच मी सहा दिवस कागद जाळत बसले होते. सांगितल्यासारखंही होईल आणि उशीरही होईल, असा माझा हिशोब होता. किती हलकी आहे मी, बघ.

आबा अंगणात आहेत. त्यांचा फोन देवघराच्या फळीवर आहे. हे पत्र पाकिटात घालते आणि फोन घेते. उचल.

ताई


धानोरा,
२ जानेवारी २०२६

आशा,

त्या दिवशी फोनवर मी तुला सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, आशा, आता शिव्या दे. तेव्हा तू एवढंच विचारलंस, "चार दिवस ती ओरडली का?"

मी म्हटलं, दोन दिवस ओरडली. मग नाही.

तू फोन ठेवलास.

मला त्या क्षणीही काय वाटलं माहीत आहे? वाटलं, बघा, हिने घोडीचंच विचारलं. प्रबंधाचं विचारलं असतंस तर मला बरं वाटलं असतं, मग तू माझ्यासारखीच असतीस. तू हरणीचं विचारलंस, म्हणून मी परत हरले. हे ऐकायला घाणेरडं आहे. तरी लिहिते, कारण कबुली दिली की माणूस निर्मळ होतो असं तुला वाटत असेल, तर तसं काही झालेलं नाही.

आबांना मी त्याच दिवशी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग तो प्लास्टिकचा कागद भिंतीवरून काढला, खाटेवर पालथा ठेवला आणि म्हणाले, "मन्हा डोया बांधेल व्हता, तवय तू मन्ही घोडीले उपाशी ठेवं." त्यांचा आवाज पडला. मला हवा होता तसाच पडला, फक्त तुझ्या नावावर नाही, माझ्या नावावर. तेव्हापासून पहिली भाकरी ते स्वतः नेतात. मी थापते, ते उचलून नेतात. माझ्या हातून हरणीला घास जात नाही. आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी म्हणाले, "मीठ कमी शे भाजीमा." मला तेवढंही पुष्कळ झालं.

तू सतराला उभी राहिलीच नाहीस, हे आबांकडून कळलं. पावडर कोणालाच दिली नाहीस, खुराक कोणाचाच तोडला नाहीस, आणि सरांना सांगितलंस की क्रमांक सात पुन्हा तपासायचा आहे. तेरा घोड्यांवर प्रबंध लंगडा पडतोय, सहा महिने पुढे गेलाय. मी तुझे सहा महिने खाल्ले. त्या भाकरीसारखे.

काल तुझं पाकीट आलं. मला वाटलं आता चार पानं असतील आणि मी ती वाचायला तयारही होते. पण आत एक कोरा फॉर्म होता आणि एक चिठ्ठी. "क्रमांक सात काढून टाकत नाही. भुकेने थायरॉईड कमी दिसतं आणि चरबी रक्तात येते, हेही माझ्याच विषयात येतं, आणि ते सांगणारा नमुना माझ्याकडे हा एकच आहे. पण फॉर्म खरा हवा. एकही रकाना रिकामा ठेवू नकोस. जे लिहिशील ते तसंच प्रबंधात जाईल. आणि तुझ्या गोळीची पॉवर कळव."

शेवटची ओळ मी किती वेळा वाचली ते सांगत नाही. शंभरची आहे. गेल्या वर्षी पंचाहत्तरची होती.

फॉर्म आज सकाळी भरला. उजेड चांगला होता, ओट्यावर बसून भरला. आबा हरणीचा खरारा करत होते, मधून मधून माझ्याकडे बघत होते. तिची कूस आता चांगली खाली आलीय. पिल्लू हलतं तेव्हा कातडीवरून दिसतं. तेवढं बघायला मला कोणी मनाई केलेली नाही.

फॉर्म सोबत जोडलाय, पण टपालात ओला झाला तर म्हणून इथेही उतरवते.

प्राणी क्रमांक : सात. नाव : हरणी. मालक : नवलसिंग गिरासे. नमुन्याच्या वेळी गाभण : होय, सातवा महिना. पाणी : होतं. पहिल्या आणि दुसऱ्या नमुन्याच्या दरम्यान दिलेलं औषध : काही नाही. पहिल्या नमुन्याआधी उपाशी, तास : एकशे आठ.

त्याखाली तुझ्या अक्षरात एक नवा रकाना आहे, तो छापील फॉर्ममध्ये नव्हता. उपाशी ठेवण्याचं कारण. तू तो पट्टीने आखलायस, अगदी बोटभर. त्यात मी लिहिलं :

मला माझ्या बहिणीचा हेवा वाटत होता, आणि या घोडीचाही.

तेवढं त्यात मावलं. खाली सही केली आहे.

कुंदन